शास्त्रातलं लोणी

आमच्या मामांना सगळा मोहल्ला मामा म्हणायचा, पण सख्खी भाची मी एकटीच. चौकाच्या तोंडाशी त्यांची बेकरी होती. पुढं दुकान, मागं भट्टी आणि माडीवर मामा-मामींचं बिऱ्हाड. शाळा संपल्यापासून मी त्या दुकानाच्या काउंटरवर उभी आहे, त्यामुळे पुढं सांगते ते बहुतेक डोळ्यांदेखत घडलेलं आहे. जे ऐकीव आहे ते मामींकडून ऐकलेलं आहे, आणि मामी खोटं बोलत नाहीत. रविवारी चर्चमध्ये त्या लहान मुलांना बायबल शिकवायच्या, त्यामुळे त्यांना ती सोयच नव्हती.

मामा उंचीला बेताचे आणि रुंदीला सढळ. भट्टीतून ट्रे बाहेर आला की त्यातलं एक बिस्किट ते 'बघायचे'. बघायचे म्हणजे खायचे. "गिऱ्हाइकाला आपण काय देतोय ते आपल्याला नको का ठाऊक?" असं त्यांचं म्हणणं. दिवसाला वीस-बावीस ट्रे निघत. शिवाय केकच्या कडा कापल्या की त्या फेकायच्या कशा, हा एक प्रश्न असायचा, आणि तो मामा उभ्या उभ्या सोडवायचे. त्यांच्या ॲप्रनची नाडी पाठीमागं गाठ मारण्याइतकी उरेना, तेव्हा त्यांनी धोब्याला दोष दिला. धोबी म्हणाला, "मामा, धुतल्यावर कापड आटतं ते सगळीकडून आटतं, एकट्या नाडीनं काय घोडं मारलंय?" त्यावर मामांनी धोबी बदलला.

मग त्यांचा गुडघा कुरकुरायला लागला. माडीचा जिना चढताना आधी मामांचा श्वास वर यायचा, मग मामा. मामींनी त्यांना हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडं नेलं. या डॉक्टरीणबाई आमच्याच गिऱ्हाईक. दर शनिवारी लोण्यातली बिस्किटं अर्धा किलो घेऊन जायच्या. त्यामुळे मामा निर्धास्त होते. आपलं मीठ, म्हणजे आपलं लोणी खाल्लेलं माणूस आपल्याला काय बोलणार?

पण डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"मामा, हे रक्त आहे की तूप?"

मामा मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत.

"गुडघ्याचं मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी हृदयाचं बघायला हवं. आजपासून लोणी बंद, साखर बंद, मैदा बंद. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं खातात तसं खायचं. मसूर, हरभरे, भाज्या, फळं, ऑलिव्हचं तेल, मासे, मूठभर अक्रोड-बदाम. भाकरी न चाळलेल्या पिठाची. मटण क्वचित. आणि रोज चालायचं."

मामांनी एकेक पदार्थ बोटांवर मोजला. मग अतिशय नम्रपणे त्यांनी विचारलं, "डॉक्टरीणबाई, त्यापेक्षा आम्ही त्या समुद्राकाठी राहायला गेलो तर? तिथली हवा लागली की आपोआप बरं वाटेल."

"हवेचा संबंध नाही. खाण्याचा आहे."

त्यांनी यादी लिहून दिली. ती यादी मामांनी रस्त्यात हरवली. मामी परत जाऊन दुसरी घेऊन आल्या, ती भट्टीत पडली. तिसरी डॉक्टरीणबाईंनी स्वतः दुकानात आणून दिली आणि बिस्किटांच्या बरणीवर चिकटवून गेल्या. ती मात्र हरवता येईना, कारण गिऱ्हाइकं ती वाचायला लागली आणि "मामा, ते ऑलिव्हचं तेल घेतलंत का?" म्हणून चौकशी करायला लागली.

त्याच दुपारी जेवताना मामींनी मसुराचं कालवण वाढलं आणि सहज बोलून गेल्या, "यात नवीन काही नाही हो. मसूर, जवाची भाकर, अंजीर, डाळिंब, मासे... हे सगळं पवित्र शास्त्रात आहे. देवाची माणसं हेच खायची."

मामींचं पवित्र शास्त्र म्हणजे त्यांचं बायबल. त्या चाळीस वर्षं रोज सकाळी चहा झाल्यावर ते वाचत. मामा त्या वेळात पेपर वाचत. चर्चमध्ये मामा नियमानं जात, पण उपदेश सुरू झाला की त्यांची मान हळूहळू छातीवर यायची आणि आशीर्वादाला बरोबर वर जायची.

पण त्या दिवशी मामांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डोळ्यांत चमक आली. ती चमक मी ओळखते. पिठात काही नवीन घालायचं सुचलं की ती येते.

"शास्त्रात जे आहे ते खाल्लं तर चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल म्हणजे? उत्तमच."

"मग ठरलं. शास्त्रात आहे तेच मी खाईन. नाही ते तोंडात घालणार नाही. पण जे आहे ते खाताना तू मला अडवायचं नाहीस. कबूल?"

मामींना वाटलं, नवरा मार्गाला लागला. त्यांचे डोळे भरून आले. "कबूल," त्या म्हणाल्या. मामांनी पावाची कागदी पिशवी फाडली, तिच्यावर हा करार लिहिला, मामींची सही घेतली आणि साक्षीदार म्हणून माझी. मला तेव्हाच शंका आली होती. पण मी भाची, मी काय बोलणार!

दुसऱ्या दिवसापासून मामांनी बायबल वाचायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही पहिल्या पानापासून. सकाळची भट्टी उतरली की पीठ मळायच्या लांब टेबलाशी ते स्टूल ओढून बसायचे. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात नाइलाजानं गाजर. ओळीवरून बोट फिरवत जायचे. आकाश, पृथ्वी, जलप्रलय वगैरे त्यांनी भरभर उरकलं. कुणी जेवायला बसलं की मात्र बोट थांबायचं.

तिसऱ्याच दिवशी ते ओरडले. मी काउंटर सोडून धावले, मामी जिन्यावरून धावल्या.

"अब्राहाम!" मामा म्हणाले. "घरी तीन पाहुणे आले. अब्राहामानं काय वाढलं? दही, दूध, कोवळं वासरू, आणि बायकोला सांगितलं, चांगलं बारीक पीठ घे आणि भाकरी कर. बारीक पीठ, म्हणजे मैदा! मसूर वाढले का? नाही वाढले!"

मामींनी वाचून पाहिलं. होतं खरं. करारावर सही होती. त्या दुपारी मामांनी दह्याचा मोठा वाडगा, पांढरा पाव आणि मटण असं जेवण केलं आणि मिटल्या डोळ्यांनी अब्राहामाचे आभार मानले.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला वादविवाद म्हणावं की कोर्टकचेरी, मला अजून ठरवता आलेलं नाही. मामा रोज एक नवीन पुरावा आणायचे आणि मामी तो खोडायच्या.

"एका बाईनं राजाच्या माणसांना अंजिराच्या दोनशे ढेपा पाठवल्या. दोनशे! मी दोन मागतोय."

"त्या सहाशे माणसांसाठी होत्या. तुमच्या वाट्याला एका ढेपेचा तिसरा हिस्सा येतो."

"एलीया संदेष्ट्याला कावळे सकाळ-संध्याकाळ मांस आणून द्यायचे. देवानं पाठवलेले कावळे!"

"मग खिडकीत बसा. कावळ्यानं आणलं तर खा. मी अडवणार नाही."

आणि माझे मामा खरोखर खिडकीत बसले, हो! अर्धा तास. एक कावळा आला, मामांच्या हातातलं गाजर घेऊन गेला.

मामी चाळीस वर्षांच्या वाचनाच्या जोरावर लढत होत्या. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी हुकमाचं पान काढलं. सगळी चरबी देवाची आहे, माणसानं ती खायची नाही, असं देवानं स्वच्छ सांगितलेली जागा त्यांनी मामांपुढं उघडून ठेवली. मामा ती दोनदा वाचून पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "म्हणजे चांगली वस्तू आहे हे देवालाही मान्य आहे." पण आवाजात दम नव्हता.

त्यावर मामींनी एली याजकाची गोष्ट काढली. हा एली म्हातारा होता, अंगानं जड होता, खुर्चीवर बसला होता, वाईट बातमी ऐकली आणि मागच्या मागं पडून मान मोडून मेला. "अंगानं जड होता, हे शास्त्रानं मुद्दाम लिहिलंय बरं का," मामी म्हणाल्या. मामा हसले. पण त्या दिवसापासून ते स्टूल भिंतीला टेकवून बसायला लागले, आणि मी काही सांगायला गेले की आधी विचारायचे, "बातमी चांगली आहे ना?"

शेवटी मामांनीच सुचवलं, की हे प्रकरण चर्चच्या धर्मगुरूंपुढं, पाळकसाहेबांपुढं ठेवू. आमचे पाळकसाहेब म्हणजे काडीपैलवान. वाऱ्यावर त्यांचा झगा आधी दिसायचा. शिवाय माणूस कुणालाच न दुखावणारा, त्यामुळे मामांना आशा होती. रविवारी चर्च सुटल्यावर त्यांना घरी आणलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मधे पाळकसाहेब, एकीकडे मामा, एकीकडे मामी. मी चहा करत होते. मामांनी पेन्सिलीच्या खुणांचं बायबल पुढं सरकवलं. पानापानांत पीठ होतं.

"साहेब, एवढंच सांगा. शास्त्रात लोणी आहे की नाही?"

पाळकसाहेबांनी पानं चाळली. बराच वेळ चाळली. मग म्हणाले, "मामा, माझी इतकी वर्षं चर्चमध्ये गेली, पण इतकं बारकाईनं वाचलेलं बायबल मी पाहिलं नाही. आहे. लोणी आहे, दही आहे, पोसलेलं वासरूसुद्धा आहे."

मामांनी मामींकडं पाहिलं.

"पण मामा," पाळकसाहेब पुढं म्हणाले, "ते वासरू कधी कापलं? हरवलेला मुलगा परत आला तेव्हा. तुमच्या घरी मुलगा रोज परत येतो का?"

मामांना मुलगाच नव्हता.

"आणि अब्राहामानं पाहुण्यांना वासरू वाढलं खरं, पण ते आणायला तो गुरांकडं धावत गेला. लिहिलंय तसं, बघा इथं. वय होतं नव्व्याण्णव. ते तुमच्या खुणेतून सुटलं. एलीयाला देवदूतानं गरम भाकर दिली, बरोबर. त्या भाकरीच्या जोरावर तो चाळीस दिवस चालला. ही माणसं खायची, मामा. पण चालायची किती!"

मामींनी टेबलावर हलकेच हात आपटला. "ऐकलंत? जे खाल ते त्यांच्यासारखं खा. आणि चाला पण त्यांच्यासारखं. करारातच आहे."

"करारात चालणं नाहीये!"

"शास्त्रात आहे तेच करीन म्हणालात ना?"

"करीन नाही, खाईन!" मामा म्हणाले. पण पाळकसाहेब हसत होते, मी हसत होते, आणि मामांना आपण हरलो हे कळलं. निवाडा झाला. आधी दहा दिवस शास्त्रातल्या दानीएलासारखं फक्त भाज्या-कडधान्यं आणि पाणी, आणि रोज संध्याकाळी तासभर चालायचं. मग पुढचं पुढं. निघताना पाळकसाहेबांनी जड मनानं एक लोण्यातलं बिस्किट उचललं, मामांच्या डोळ्यांकडं पाहिलं आणि खिशात टाकलं. तोंडात घालायचा धीर त्यांना झाला नाही.

आता खरं आश्चर्य सुरू झालं. मामा तक्रार न करता चालायला जाऊ लागले. संध्याकाळचे पाच वाजले की कॅनव्हासचे बूट घालून, काठी घेऊन, शीळ घालत. घरी मसूर खायचे, पालक खायचे, पाणी प्यायचे, आणि मामींना म्हणायचे, "अगं, किती हलकं वाटतंय!" मामी रोज रात्रीच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानायच्या. दहा दिवसांनी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात वजन केलं.

दीड किलो वाढलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी काटा हलवून पाहिला, स्वतः चढून पाहिलं, मामांना पुन्हा चढवलं. दीड किलो. मामी पांढऱ्याफटक पडल्या. मामा मात्र शांत. त्यांनी काखेतलं बायबल काढलं आणि खुणेच्या पानावर उघडलं.

"दानीएल आणि त्याचे मित्र दहा दिवस भाज्या खाऊन राहिले," त्यांनी वाचल्यासारखं सांगितलं, "आणि दहा दिवसांनी बाकीच्या सगळ्यांपेक्षा अंगानं भरलेले दिसले. शास्त्राप्रमाणेच झालंय, डॉक्टरीणबाई. मी काय करणार?"

बाईंनी पान वाचलं. मामींनी पान वाचलं. खरंच तसं लिहिलेलं होतं. डॉक्टरीणबाई पुन्हा काट्याकडं बघत राहिल्या. बिचाऱ्यांना कॉलेजात हे शिकवलेलं नव्हतं. घरी येताना मामी रस्ताभर मनाशी घोळवत राहिल्या, की देवाच्या मनात काय असेल.

देवाच्या मनातलं तिसऱ्या दिवशी कळलं. आदल्या संध्याकाळी जोराचा वारा सुटला म्हणून मामींनी मामांना चालायला जाऊ दिलं नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला दुकानात पुलापलीकडचा बेकरीवाला आला. त्याची आणि आमची वीस वर्षांची चुरस. त्यानं दोन बन स्वस्त केले की आम्ही तीन करायचो. समोरासमोर आलो की नुसती मान हलवायची. तो आमच्या दुकानात कधी पाय ठेवील असं वाटलं नव्हतं. हातात पुठ्ठ्याचं खोकं, चेहऱ्यावर काळजी.

"मामा बरे आहेत ना?" त्यानं विचारलं.

"का बरं?" मी म्हणाले. मामी माझ्या शेजारीच पाव मोजत होत्या.

"काल आले नाहीत म्हणून जीव थाऱ्यावर नव्हता. रोज साडेपाचला येतात म्हणजे येतात. दोन क्रीमरोल आणि एक बटर केक. रोज! एवढा मोठा माणूस आमच्या धंद्यातला, माझ्या दुकानात उभा राहून खातो, चुका सांगतो, 'क्रीम अजून थोडं फेटा' म्हणतो... माझ्या बापानंसुद्धा असं शिकवलं नाही. आजारी असतील तर म्हटलं घरीच नेऊन द्यावं."

आणि त्यानं खोकं काउंटरवर ठेवलं.

मामा नेमके मागच्या दारातून पिठाचा डबा घेऊन आत येत होते. त्यांनी त्याला पाहिलं, खोकं पाहिलं, मामींना पाहिलं. वळून परत जायचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला, पण दार अरुंद होतं आणि डबा मोठा.

"नमस्कार," मामा म्हणाले. एवढंच.

तो भला माणूस गेल्यावर मी मामांवर तुटून पडले. खोटं बोललात म्हणून नाही, खरं सांगते. "आपल्या दुकानातले रोल सोडून त्याच्याकडचे? मामा, त्याच्याकडचे?"

"आपल्या दुकानात तुम्ही दोघी बघता," मामा पुटपुटले. "आणि त्याच्या क्रीममध्ये खरंच दोष होता. कुणीतरी सांगायला हवं होतं."

मामींनी पावांची मोजणी पूर्ण केली, हात पुसले आणि वर गेल्या. दुपारी जेवण वाढलं. मामांनी दोन-तीनदा विषय काढला. एलीयापासून सुरुवात केली, मग आदल्या संध्याकाळच्या वाऱ्यावर आले. मामी "हं" म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी बायबल उघडलंच नाही. ते बघून मामा घाबरले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

"अगं, भांड ना," ते म्हणाले. "चरबीचं काहीतरी काढ. त्या एलीचं काढ."

तेव्हा मामी बोलल्या. मी चहाचे कप विसळत होते, त्यामुळे ऐकलं.

"मी काही शास्त्र जिंकायला भांडत नव्हते. तुम्ही खुणा करत बसायचात ना, मला बरं वाटायचं. चाळीस वर्षं एकटी वाचत आले. पोटासाठी का होईना, तुम्ही समोर बसलात. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, हृदयाचं बघायला हवं. मला या टेबलाशी पुन्हा एकटीनं बसायचं नाही, एवढंच आहे माझं. बाकी तुम्ही अब्राहामाचं खा नाहीतर पुलापलीकडचं."

मामा उठले, खाली गेले, आणि बराच वेळ नुसती ट्रे घासण्याचा आवाज येत राहिला. ते ट्रे मी सकाळीच घासले होते.

दुपारी ते बाजारातून जव, मसूर, बाजरी, वाल आणि गहू असं सगळं घेऊन आले. एका संदेष्ट्याला देवानं या सगळ्यांची मिळून भाकर करायला सांगितली होती, तेवढं पान त्यांनी शोधून काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, करारही मधे आला नव्हता. "बेकरीवाल्याला भाज्या शोभत नाहीत," ते मला म्हणाले. "आपण पावानंच बरं व्हायचं."

पहिला पाव भट्टीतून निघाला तो विटेसारखा. मामांनी सुरी लावली, सुरी वाकली. दुसरा आतून ओला राहिला. तिसरा फुगला, आणि आम्ही बघायला जमताच सगळ्यांदेखत बसला. जवाचं पीठ मैद्यासारखं चिकट नसतं, ते फुगत नाही, ताणलं की तुटतं. मामांना आयुष्यात कुठल्या पिठानं असं छळलं नव्हतं. त्यांना ईर्षा चढली. दिवसभर हात कोपरापर्यंत पिठात, तोंडानं बडबड. "असा कसा उठत नाहीस? देवाचं नाव घेऊन लिहिलाय तुला!" आदल्या रात्रीचं आंबलेलं पीठ घालून बघितलं, पाणी वाढवून बघितलं, लोण्याच्या जागी ऑलिव्हचं तेल घातलं. आणि या धांदलीत बिस्किटांचे ट्रे कोण बघतंय? कुणीच नाही. केकच्या कडा मी पाखरांना घालायला लागले. गोड खायचं मामांनी सोडलं नव्हतं, त्यांना सुचत नव्हतं एवढंच. चव बघायची ती फक्त त्या पावाची, आणि तो असा की चावताना माणूस दमून जाईल आणि दुसरा तुकडा मागणार नाही.

सोळाव्या की सतराव्या पावाला मामा थांबले. बाहेरून खरपूस, आतून मऊ, कापला की धान्याचा उबदार वास. त्यांनी पहिला तुकडा ऑलिव्हच्या तेलात बुडवून मामींना दिला. मामींनी चावला, सावकाश. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"मीठ कमी आहे," मामी म्हणाल्या. आणि दुसरा तुकडा त्यांनी स्वतःच तोडला.

मामांनी काचेच्या कपाटात तो पाव मांडला आणि वर पाटी लावली: 'शास्त्रातला पाव. प्रकृतीस उत्तम.' लोक घ्यायला लागले. डॉक्टरीणबाई बिस्किटांच्या जोडीला तो पाव न्यायला लागल्या. पाळकसाहेब आले, पाटी वाचून थबकले आणि मामांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मामा, त्या पानावरचं पुढचं वाचलंत का? ती भाकर देवानं संदेष्ट्याला शिक्षा म्हणून खायला लावली होती. शहराला वेढा पडणार, उपासमार होणार, त्याची ती खूण. आणि भाजायची कशावर, ते तर मी दुकानात बोलूही शकत नाही."

"वाचलंय," मामा म्हणाले. "शिक्षाच आहे, साहेब. म्हणून तर खातोय."

चालणं सुटलं नाही. फक्त आता मामी बरोबर असायच्या. पुलापर्यंत जाऊन परत. पुलापलीकडचा बेकरीवाला लांबून हात करायचा आणि मामा काठी वर करून विचारायचे, "क्रीम फेटलं का नीट?" मासे आठवड्यातून दोनदा निखाऱ्यावर भाजून. मसूर तर इतका व्हायचा, की मामा म्हणाले, "याच्या एका वाडग्यासाठी एसावानं आपला थोरलेपणाचा हक्क विकला. भुकेला असणार बिचारा, पण घाई केली." वाढदिवसाला आणि नाताळाला वासरू, म्हणजे केक. पाळकसाहेबांनीच तशी सवलत दिली होती आणि ती वापरायला ते स्वतःही यायचे.

सहा महिन्यांनी वजन नऊ किलोंनी उतरलं. डॉक्टरीणबाईंनी काटा पुन्हा हलवून पाहिला, कारण मागचा अनुभव होता. रक्ताचा रिपोर्ट वाचताना त्यांनी चष्मा काढला नाही. गुडघा अजून कुरकुरतो, पण मामा म्हणतात तो स्वभावाचा भाग आहे.

वाचन मात्र चालूच होतं. आता दोघं समोरासमोर बसायची, एकच पुस्तक, मधे चहा. मामी अर्थ सांगायच्या आणि मामा पदार्थ सांगायचे. दीड वर्षानं एका सकाळी मामा शेवटच्या पानावर आले. मला वरून हाक मारली. गेले तर चेहरा उतरलेला.

"काय झालं, मामा?"

"स्वर्गाचं वर्णन आलंय," ते म्हणाले. "नदी आहे, स्फटिकासारखी. काठावर झाड आहे, वर्षाला बारा वेळा फळं देतं, दर महिन्याला. त्याची पानंसुद्धा औषधी." ते थांबले. "मी तीनदा वाचलं. लोणी नाही, दही नाही, वासरू नाही. भट्टी तर कुठंच नाही. अगं, स्वर्गात बेकरीच नाही!"

मामी हसू दाबत होत्या. "फळं आहेत ना. डॉक्टरीणबाई खूश होतील."

"मी तिथं करू काय मग दिवसभर?"

"माझ्याबरोबर चालायचं. नदीकाठानं."

मामांनी जरा विचार केला. ते त्यांना अगदीच नापसंत दिसलं नाही. पण पुस्तक त्यांनी मिटलं नाही. सगळी पानं उलटी चाळत ते पुन्हा पहिल्या पानावर गेले, पेन्सिलीला टोक केलं आणि चष्मा नाकावर चढवला.

"घाईत वाचलंय," ते म्हणाले. "कुठंतरी काहीतरी सुटलं असणार."